चुलीत टाकलेली गोळी

सुनेला पाचवा महिना होता. आशाताई दारात आली, जंताची गोळी सुनेच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "माह्यासमोर चावून खा." मी मधेच ती गोळी उचलली. "उपाशीपोटी काऊन देता? जेवल्यावर देईन मी तिले." बचत गटाची अध्यक्ष मी, माझ्या तोंडी लागतं कोण! बिचारीने कार्डावर खूण केली आणि गेली.

गोळी मी चुलीत टाकली. माझं पोटातलं पहिलं पोर जंताचं औषध घेतल्यावर तिसऱ्या दिवशी पडलं होतं. औषधानेच पडलं, असं सासू म्हणाली आणि मी तेच धरून बसले. सुनेला दम भरला, "कोणी विचारलं तर घेतली म्हनजो." तिने मान हलवली.

आमची भाजीची वाडी. ओल्या वाफ्यात आम्ही सगळे अनवाणीच, तीही तशीच. आठव्या महिन्यात अल्लीपूरच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधताना तिला धाप लागायची. ओठ पांढरेफटक. मी म्हणायचे, नखरे आहेत. एक दिवस वाफ्यात बसली ती उठेचना, तेव्हा मी मुलाला हाक मारली.

वर्ध्याला दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून तडकल्याच. "रक्त फक्त सहा! पोटात जंत आहेत. मातीतून पायात शिरतात आणि आतून रक्त पितात. गोळी घेतली होती ना?"

"घेतली," सून म्हणाली.

"खरं सांग. बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं, तरी तू हाती लागणार नाहीस."

मुलगा तिच्यावरच भडकला. "काऊन खोटं बोलून राह्यली? जिवावर बेतलं ना!" ती खाली बघत राहिली. मी तिच्या शेजारीच उभी. पोरासमोर, डॉक्टरसमोर नाक कापलं जाईल, हीच भीती. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मीच फेकली. भेव वाटलं मले."

मग मात्र मला राहवेना. "तिनं नाई, मी टाकली चुलीत!" मी ओरडलेच. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं तर अंगावर काटा येतो. डॉक्टरीणबाईंनी रक्ताची चिठ्ठी लिहिली आणि मुलाला रक्तपेढीकडे पळवलं.

रक्ताची पिशवी लागली. मी तिच्या पायाशी बसून एकेक थेंब पडताना बघत होते. लाजेने मान वर होत नव्हती. शेवटी विचारलं, "पोरी, जिवाशी गाठ होती तुह्या. माह्यासाठी काऊन खोटं बोलली?"

"तुमच्यासाठी नाई, आई," ती म्हणाली. "मले परत तुमच्याच घरात राहायचं होतं ना."