वकिलांची मुलींची शाळा

कल्याणात त्या काळी मुलीला शिकवायचं ठरवलंच, तर वाटा दोन होत्या. एक नगरपालिकेची शाळा. तिथे कासारांच्या, तेल्यांच्या मुली पाढे ओरडत आणि मास्तर डुलक्या घेत. दुसरी, माझे एक वकील मित्र पारनाक्याजवळ काढणार होते ती खासगी शाळा. तिला अजून जागा नव्हती, पण मंडळ होतं, अध्यक्ष होते आणि दर रविवारी स्त्रीशिक्षणावर भाषण होतं.

माझ्या मुलीला आठवं लागलं होतं. तिला शिकवायचं हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. वकील म्हणाले, "वर्गात एकटी पडली की मुलगी शाळा सोडते. इथे आपल्यासारख्या घरांतल्याच मुली असतील. तुमची एकटी पडणार नाही, हा माझा शब्द."

समारंभांचा मला पहिल्यापासून कंटाळा. शब्दावर मात्र मी विश्वास ठेवत असे. मंडळातल्या प्रत्येकाने आपली मुलगी घालायची, असं वकिलांच्या पडवीत पानसुपारी खाऊन ठरलं.

घरी बायकोने विचारलं, "कुणाकुणाच्या मुली येणार?"

"सगळ्यांच्या."

"त्यातल्या एकीचं तरी नाव सांगा."

मी पान थुंकायला बाहेर गेलो.

शाळा उघडली त्या दिवशी ठाण्याहून मोठे साहेब आले. तोरणं, गुलाबपाणी, साहेबांना न कळणारं स्वागतपद्य, सगळं यथासांग झालं. आणि खरोखरच सतरंजी मुलींनी भरलेली! जरीचे परकर, नथी, पायांत तोडे. मुली शिकायला बसल्यात की वऱ्हाडात निघाल्यात, ते ओळखू येईना. माझ्या मुलीशेजारी वकिलांची मुलगी होती. भाषणं चालू असताना दोघी एकमेकींच्या बांगड्या घालून बघत होत्या. साहेबांनी सरकारी मदतीचा विचार करू म्हटलं. वकिलांनी डोळे टिपले.

रात्री जेवताना मुलगी एकच गोष्ट सांगत होती. "उद्या ती मला सागरगोटे शिकवणार आहे."

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर ती एकटीच. नंतरही तेच. पंतोजी तिच्या एकटीपुढे मोठ्याने हजेरी घेत, कारण हजेरी घ्यायची असते. आठवडाभर ती शेजारची जागा राखून बसली. मग मी वकिलांकडे गेलो.

"अहो, पनवेलला लग्न ठरलंय तिचं," ते म्हणाले. "शाळेत जाते म्हणून कळलं, तर मोडतील ना ते!"

"मग त्या दिवशी कशी बसली?"

"त्या दिवशी साहेब होते."

"आणि माझ्या मुलीचं लग्न?"

"तुमचं वेगळं आहे हो. तुम्ही पहिल्यापासून तसलेच. लोकांनी तुमची आशा कधीच सोडलीय."

हे ते दिलासा म्हणून बोलले. निघताना हात धरून म्हणाले, "तिला काढू मात्र नका. साहेब पुन्हा येणार आहेत. पटावर एक तरी हवी."

मी तिला काढली. दुसऱ्या शाळेत घालतो म्हटलं, तर ती म्हणाली, "तिथेही सगळ्या पहिल्याच दिवशी येणार का?" ती पुन्हा कुठल्याच शाळेची पायरी चढली नाही. जे काही शिकवलं ते मी घरीच, कचेरीतून आल्यावर.

खासगी शाळा बंद झाली. मंडळाच्या शेवटच्या सभेत वकिलांनी खेदाने सांगितलं की, सुधारक म्हणवणाऱ्यांनीच ऐन वेळी दगा दिला. नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. टाळ्या पडल्या.

मुलगी आता लेकुरवाळी आहे. शेजारणींची पत्रं वाचून देते. त्यांतली कुणी विचारते, शाळेत गेला होतात का हो?

"हो," ती म्हणते. "एक दिवस."