चौथी रेकॉर्ड कोणाच्या वाट्याला

माझ्या धाकट्या भावाने मला आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं आणि ते मी त्याला वेळेवर दिलं नाही. पुढे जे लिहितो आहे तो या एका वाक्याचाच पाल्हाळ आहे. भाऊ अजून आहे, लातुरात आहे, बरा म्हणावा इतका आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक भलत्याच जागी डोळे पुसायला लागतात.

त्याने मागितली होती एक रेकॉर्ड. अमेरिकेतल्या एका जुन्या बँडची, फंक आणि सोल अशी तिकडची ठेक्याची गाणी वाजवणाऱ्या. या बँडच्या एकूण अकरा रेकॉर्डी निघाल्या, आणि अकराच्या अकरा नांदेडात आमच्या घरी होत्या. नांदेडात म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. आम्ही दोघं कॉलेजात होतो तेव्हा आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतून शिकायला आलेला एक तरुण भाड्याने राहायचा. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेयर होता आणि या बँडच्या सहा रेकॉर्डी होत्या. दुपारी तो लावायचा आणि आम्ही जिन्यात बसून ऐकायचो. बाबा शाळेत गणित शिकवायचे. ते खालून ओरडायचे, "कोणाची वरात हाय रे आज?" आमच्या गावात ब्यांड म्हटला की तो लग्नातलाच. तीन वर्षांनी तो तरुण मायदेशी निघाला, सामान जास्त झालं म्हणून प्लेयर आणि रेकॉर्डी आम्हा दोघांना देऊन गेला. दोघांना दिल्या होत्या, कोणा एकाला नाही.

उरलेल्या पाच आम्ही पुढच्या दहा-बारा वर्षांत हैदराबादच्या जुन्या बाजारातून हुडकून आणल्या. गाडीने जायचं, दिवसभर धूळ खायची आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यायचं. भावाने एक जाड वही केली होती. एकेका रेकॉर्डला एकेक पान. गाण्यांचा क्रम, कोण काय वाजवतो, कोण बँड सोडून गेला, नवा कोण आला. खाली त्याचा शेरा. तो पुढे लातुरात क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायला लागला. पण मास्तरकीची खोड आधीपासूनचीच होती. पहिलीखाली लिहिलं होतं, "घाईत वाजवलंय, पण पोटात भूक आहे." तिसरीखाली, "हिने नाव झालं आणि इथूनच बिघडायला सुरुवात." सातवीपासून यंत्रांचे ढोल आले, त्यावर तो इतका चिडला होता की पेनने कागद फाटला. नववीत मूळ गायक नाही. अकरावीच्या कव्हरावर सुरुवातीच्या दहा जणांतले दोघंच उरलेत, केस पांढरे, आणि तरी चमकदार विजारी घालून उभे. त्या फोटोकडे बघून आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता मला तो फोटो बघवत नाही.

चौथी सगळ्यात भारी. तिच्या दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं आहे. सुरुवातीला नुसती खर्जातली बेस गिटार चालते, एकटीच, ऐकणाऱ्याला वाटावं की बाकीचे लोक वाजवायला यायचं विसरले. मग सगळी पितळी वाद्यं एकदम येतात, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळं, आणि अंगावर काटा उभा राहतो. हे गाणं आम्ही किती वेळा ऐकलं याला गणती नाही. चौथीच्या पानावर भावाने शेराच लिहिला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "काय लिहू? ऐकून घे."

बाबा गेल्यावर वर्षभराने आम्ही वाटण्या केल्या. आमच्याकडे रीत आहे, वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी धाकट्याने उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करणार नाही, कारण कमी पडलेला वाटा त्याच्याच गळ्यात यायचा. आणि धाकट्याने उचलताना उलगडून बघायचं नाही. बघितलं तर थोरल्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो. घर, प्लॉट, भांडी, सगळं या रीतीने नीट झालं. कोणाचा आवाज चढला नाही. शेजारी कौतुक करत होते. प्लेयर भावाच्या वाट्याला गेला, मी दुसरा घेईन म्हणालो.

शेवटी रेकॉर्डी राहिल्या. मी दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात सुरुवातीच्या पाच, दुसऱ्यात नंतरच्या सहा. नंतरच्यात माल कमअस्सल म्हणून एक जास्तीची. धाकटा सुरुवातीच्याच उचलणार हे मला पक्कं ठाऊक होतं. एका खोलीत वाढलेल्या माणसाची आवड कळत नाही असं थोडंच असतं? म्हणून मी चौथी काढून नंतरच्या गठ्ठ्यात घातली आणि तिच्या जागी आठवी सरकवली. कव्हरांच्या कडा सारख्या केल्या. वरून काही कळत नव्हतं. आणि आमच्याकडे रीत होती, त्यामुळे तो बघणार नव्हता. तो वाकला, पहिला गठ्ठा उचलून छातीशी धरला आणि म्हणाला, "दादा, ह्या घेतो." मी म्हणालो, "घे ना." त्या वेळी माझा चेहरा कसा होता कोणास ठाऊक.

संध्याकाळी लातुरातून फोन आला. "दादा, चौथी न्हाई यात. तिच्या जागी आठवी हाय."

चूक झाली म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणालो, "उचलल्या तवाच बघायचं होतं की."

तो मग म्हणाला, "वाटे तू पाडले होते." आणि फोन ठेवला.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर तो वाकून पाया पडायचा आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचो. रीत दोघंही पाळायचो. चौथी माझ्याकडे कपाटात पडून होती. मी तिला या वर्षांत तीनदा लावलं असेल. दुसरी बाजू तर एकदाच. पितळी वाद्यं आली तेव्हा मी उठून पंखा मोठा केला, आणि मग कळलं की आपल्याला ऐकायचंच नाही. परत द्यायला निघालो नाही, हेही खरं आहे. आधी वाटलं तो विचारेल, मग वाटलं आता फार उशीर झाला. असा माणूस असतो मूर्ख.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला भावजयीचा फोन आला. भावाची बायको, कधी आवाज चढवून न बोलणारी. "भाऊजी, यांच्या घशात गाठ निघाली. कॅन्सरची. औषधं चालू झालीत, इथंच लातुरात." मग ती म्हणाली, "ती चौथी रेकॉर्ड मागून राहिले. पहिलीपासून क्रमानं ऐकायच्या म्हणतात. तीन झाल्या, आता पुढं जात न्हाईत. पोरानं मोबाइलवर लावून दिली तर हातानंच बंद केली. दादा देईल तवाच ऐकणार म्हणे."

मोबाइलवर सगळं मिळतं हे मलाही माहीत होतं. अकराच्या अकरा, एका बोटाच्या अंतरावर. पण मोबाइलवर ऐकली असती तर माझी लबाडी तशीच मिटून गेली असती, आणि ते त्याला नको होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "त्याला म्हणावं, स्वतः फोन कर. मग आणतो."

ती "बरं," म्हणाली. ज्येष्ठ दिराला उलट बोलायचं नाही, हे तिने आयुष्यभर पाळलं होतं. त्या दिवशी तिने ते मोडलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी फोनची वाट बघत बसलो. बावीस दिवस. रेकॉर्ड कपाटातून काढून, पुसून, टेबलावर ठेवली होती. म्हणजे जायची तयारी होतीच माझी, फक्त त्याने एकदा म्हणायला हवं होतं. दादा, घेऊन ये. तीन शब्द. रोज आंघोळीला जाताना मोबाइल बाहेर नीट दिसेल असा ठेवायचो. बायको म्हणाली, "जाऊन का येत न्हाई?" मी म्हणालो, "त्याला गरज असली तर करील." हे वाक्य मी उच्चारलंय, आणि आता ते माझ्याच कानात अडकून बसलंय.

बाविसाव्या दिवशी पुन्हा भावजयीचा फोन. "भाऊजी, कान वाजून राहिले म्हणून दाखवतात. डॉक्टर म्हणाले, या औषधानं होतं तसं. ऐकू कमी कमी येत जाईल. गेलेलं परत येत न्हाई."

"दाखवतात म्हणजे?" मी विचारलं.

"बोलता कुठं येतं त्यांना? आवाज जाऊन दोन महिने झाले. कागदावर लिहून दाखवतात सगळं."

घशाची गाठ. हे तिने मला पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतं. मीही बाबांसारखा मास्तरच, आयुष्यभर पोरांना शिकवलं, प्रश्न नीट वाचा, उत्तर प्रश्नातच असतं. आणि मी बावीस दिवस अशा माणसाच्या फोनची वाट बघत बसलो ज्याला आवाजच नव्हता. मला त्या वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. तेवढंही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. रेकॉर्ड दोन फळ्यांमध्ये बांधून मांडीवर घेतली होती, ऊन लागून वाकू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून बसलो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय हाय, फोटो का?" मी हो म्हणालो. समजावून सांगायचं बळ नव्हतं.

भाऊ अर्धा झाला होता. दारात उभा राहून हसला, वाकायला लागला तसा मी त्याला धरलं. आत गेल्यावर त्याने पॅडवर लिहिलं, "जेवलास?" मी मान हलवली. त्याने माझ्या हातातल्या फळ्यांकडे बघितलं. मी त्यांची दोरी सोडली. चौथी त्याने दोन्ही हातांनी घेतली, कव्हरावरून तळवा फिरवला, आणि मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्याने बोट ओठांवर ठेवलं. आधी ऐकू, असं.

प्लेयर तोच होता, वरच्या खोलीतला. त्याने स्वतः दुसरी बाजू लावली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. बेस गिटार सुरू झाली. खिडकीची काच थरथरत होती. भावाने मान डोलावली, ठेका त्याला कळत होता. माझ्या जीवात जीव आला. आलो वेळेवर, असं मनात म्हटलंसुद्धा. मग पितळी वाद्यं आली, एवढ्या मोठ्याने की भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाऊ तसाच मान डोलावत होता. डोळे मिटलेले, कपाळावर आठी, अजून वाट बघतोय. वाद्यं वाजत राहिली आणि तो वाट बघत राहिला. ठोके तेवढे त्याच्यापर्यंत पोचत होते. त्यांच्या वरचे उंच सूर सगळे औषधाने आधीच नेले होते, आणि हे त्याला अजून माहीत नव्हतं.

अर्धं गाणं झाल्यावर त्याने डोळे उघडले, पॅड ओढलं आणि लिहिलं, "दादा, कव्हरात दुसरीच घालून आणलीस तू."

तो रागावला नव्हता. तो हसत होता. बारा वर्षांत मी त्याला इतकं मनापासून हसताना बघितलं नव्हतं. माझ्यावर बोट नाचवून, पकडलं तुला, असं दाखवत तो उठला, सुई उचलली, रेकॉर्ड काढली आणि खिडकीच्या उजेडात नेऊन मधला कागद वाचला. उलटून दुसरी बाजू वाचली. मग पुन्हा पहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, निघू दे दुसरीच, एकदा मला लबाड निघू दे. पण ती चौथीच होती.