साडूंची नवी शिडी

आमच्या थोरल्या साडूंइतका गंजाला घाबरणारा माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही. लोखंडी फाटक ते रुमालाने धरून उघडत. रस्त्यात खिळा दिसला की घरी येऊन दोन्ही तळवे तपासत. चाकणला ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणाऱ्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली आणि त्या धातूवर त्यांचा जीव जडला. खिडक्या, मांडणी, जेवणाचा डबा, कपडे वाळत घालायचा दांडा, सगळं ॲल्युमिनियमचं. "हवा लागली की याच्या अंगावर आपोआप पातळ थर चढतो, राव. ओरखडा पडला तरी पुन्हा चढतो. मग आत काही शिरत नाही," हे मी दर रविवारी ऐकत असे. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, चिंचेची आमटी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवली, तर हे भरल्या ताटावरून उठले. "अगं, आंबट तो थर खातं!" आमटी स्टीलच्या पातेल्यात ओतली, मगच जेवले.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या लोखंडी शिडीची पायरी गंजून तुटली. दुसऱ्याच दिवशी ॲल्युमिनियमची लांबलचक शिडी आली. मी मदतीला गच्चीवर गेलो होतो. "बघा, एकटा उचलतो!" म्हणत साडूंनी ती उभी केली आणि वर बघायच्या ऐवजी कौतुकाने माझ्याकडे बघत राहिले. शिडीचं टोक गच्चीलगतच्या विजेच्या तारेकडे झुकत होतं.

"अहो, तार! हलू नका!" तिथेच पापड वाळत घालणाऱ्या ताई ओरडल्या. साडू थिजले. शिडी मात्र डुलतच होती. मी पुढे सरकलो, तर ताई म्हणाल्या, "तुम्ही हात लावू नका. अहो, तारेकडं तोंड ठेवा. आता मागं या. अजून. सावकाश आडवी करा."

शिडी खाली टेकली आणि साडू तिच्याशेजारीच बसले.

"यातून वीज कशी धावते, हे मी नव्या पोरांना शिकवायचो, राव," ते पुटपुटले. "घरी आणली, तेव्हा फक्त गंजाचाच विचार केला."

ताई शिडीखाली विस्कटलेले पापड गोळा करायला लागल्या. साडू उठले आणि त्यांच्याशेजारी बसून एकेक पापड उचलू लागले. इतक्या वर्षांत साडूंना काहीही न समजावता गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.