पाठीत उतरलेली कळ

अरुणाशी वाकडं घेऊ नये, असं सासरची माणसं साताऱ्यात बसूनही सांगत. नवरा सुबोध हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दोघं लखनौलाच, सरोजिनी नगरात राहिली. अरुणा तिथल्या अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करायची. युनिफॉर्म घट्ट होऊ लागला, तशी ती बाजारातल्या स्लिमिंग सेंटरला गेली. तिथल्या निगम मॅडम पांढरा कोट घालून वजन उतरवायची इंजेक्शनं देत.

सुरुवातीला नुसती मळमळ होती. डोस वाढवला आणि एका सकाळी बरगड्यांखाली कळ उठली, ती थेट पाठीत उतरली. पाण्याचा घोटही टिकेना. तिने मॅडमना फोन लावला.

"दवा असर कर रही है, आंटी," मॅडम हसल्या. "थोड़ा सहना सीखिए."

"हॉस्पिटलात चल," सुबोध म्हणाला. पण ती मॅडमच्या शब्दावर थांबली. लघवी जवळजवळ बंद झाली, उठता येईना, तेव्हा त्याने तिला उचलूनच नेलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, "कळ पाठीत गेली तेव्हाच यायला हवं होतं."

खाटेवर पडल्या पडल्या तिने ठरवलं : या बाईचं शटर पाडायचं.

बरी झाल्यावर तिने औषध विभागात तक्रार केली. तक्रार जागची हलेना. मग ड्यूटी संपली की अरुणा सेंटरच्या बाकावर जाऊन बसू लागली. शेजारी येईल तिला हिंदीत सांगायची, "मळमळलं तर खऱ्या डॉक्टरला विचार. पण पोटातली कळ थांबेना, पाठीत गेली, पाणी टिकेना, लघवी कमी झाली, तर पुढचं इंजेक्शन नको. तडक इमर्जन्सी गाठायची."

"आप मेरा धंधा बरबाद कर रही हैं!" मॅडम ओरडल्या.

"थोड़ा सहना सीखिए," अरुणा शांतपणे म्हणाली. त्या रात्री किती दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

एकदा जुन्या शहरातल्या चौक भागातून आलेली एक बाई ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. "दीदी, मुझे सुबह से यही हो रहा है." अरुणाने तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. आजार तोच निघाला, पण वेळेवर सापडला. त्या बाईनेही तक्रारीवर सही केली.

मग मात्र चौकशी आली. मॅडमकडे डॉक्टरकीची पदवीच नव्हती. सेंटरला सील लागलं. ते पाहायला अरुणा मुद्दाम सुट्टी घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या, हात जोडून. "केस वापस ले लीजिए. मेरी भी बेटी है."

"उस चौकवाली की भी है," अरुणा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"आता तरी सोड," सुबोध म्हणाला.

"सोडते तर! सुनावणीला पहिल्या रांगेत बसणार आहे मी."

आणि ती खरंच बसली, इस्त्री केलेल्या युनिफॉर्ममध्ये.