खिडकीखालची गाडी

सरोजिनीकाकू टेलिफोन खात्यात सगळी नोकरीभर चौकशीच्या टेबलावर होत्या. त्यामुळे त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. उलट, समोरचा जितका तापेल तितका तो गार व्हायचा. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," हे त्या अशा काही म्हणायच्या की माणसाला वाटावं, फोनच परत करून टाकावा. निवृत्तीनंतर हा आवाज एकाच गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरला होता, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे यजमान, मनमोहनकाका.

भांडणाचा विषयही एकच. गाडी.

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत काकूंचं बिऱ्हाड तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या एकुलत्या एका खिडकीला चिकटून काकांची राखाडी गाडी उभी असायची. उभीच असायची, कुठे म्हणून जायची नाही. दर रविवारी काका आत बसत, गळा साफ करत, इंजिन चालू करत, गाडी हातभर पुढे घेत, हातभर मागे घेत आणि काश्मीर फिरून आल्यासारखे उतरत. तेवढ्यात सगळा धूर खिडकीतून फोडणीत. काकूंनी खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली ती पुढे उघडायचीच राहिली. भर दुपारी ट्यूबलाइट लावून त्या चपात्या लाटायच्या.

हा रविवारचा सोहळा नियमासाठी होता. वाडीतली गाडी चालू स्थितीत हवी. विटांवर नाहीतर जॅकवर चढलेली दिसली की ती भंगार, आणि जागा गेली. रिकाम्या जागेत जो पहिला गाडी लावेल त्याची ती. सेक्रेटरी असताना हा नियम काकांनीच केला होता, वसंतरावांची बंद फियाट घालवायला. फियाट गेली, संध्याकाळच्या आत तिथे काकांची गाडी आली. वसंतराव त्यानंतर काकांशी बोलले नाहीत ते नाहीतच.

आता त्या जागेवर दुसऱ्या मजल्यावरच्या हितेंद्रचा डोळा होता. हा इस्टेट एजंट. त्याच्या मोठ्या गाडीचं पांढरं धूड बाहेर रस्त्यावर उभं असायचं आणि टोइंगवाले ते उचलून न्यायचे. मग हितेंद्र जिन्यावरून काकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "काही लोकांना गाडी चालवायला लागते, काही लोकांना वाळत घालायला!"

एका सकाळी काकांच्या गाडीचा मागचा टायर बसलेला निघाला. टायरच्या कुशीत नख जाईल एवढी चीर.

"हित्यानं कापला," काका म्हणाले.

"बाहेरच्या ओट्याच्या कडेला घासलात. रविवारी खर्रकन आवाज झाला. मी आत होते."

"तुला गाडीच्या आवाजातलं काय कळतं?"

"आपली शंका नोंदवून घेतली आहे," काकू म्हणाल्या.

नाक्यावरचा पंक्चरवाला राकेश आला. उकिडवा बसला, चिरेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "अंकल, साइडला कट आहे. इथे पॅच टिकत नाय. नवीन टाका."

"सगळे हेच सांगता. कमिशन असतं तुमचं. आतून ट्यूब टाक."

"टाकतो की. रस्त्यात फटाका झाला तर मला शिव्या नाय द्यायच्या. आणि चाक काढायला गाडी जॅकवर घ्यायला लागेल, ते आधीच सांगतो."

जॅक म्हटल्याबरोबर काकांनी वर पाहिलं. गॅलरीत हितेंद्र मोबाइल धरून तयार.

"काढू द्या ना काका चाक! मी आपला आठवण म्हणून फोटो काढतोय. कमिटीच्या ग्रुपवर छान दिसेल."

"नालायक!"

"थँक्यू काका. बघा तिकडे, स्माइल!"

झालं. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हा प्रश्न टायरनं नाही, त्या मोबाइलनं सोडवला. जॅक इथे लावायचा नसेल तर दुरुस्तीही इथे नाही. "पोचण्यापुरती हवा भर," काका राकेशवर खेकसले. "ऑपेरा हाउसला जातो, नवा टाकून घेतो. तुझा पॅच नको न् त्याचा फोटो नको." मग घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणून त्यांनी काकूंच्या पायाशी आपटली. "गाडी हलली की इथे बस. उठायचं नाही."

"कुकर लावलाय मी."

"बंद कर. रिकामीच तर असतेस."

काकूंनी गॅस बंद केला. गाडी खुरडत फाटकाबाहेर गेली आणि काकू खुर्चीत बसल्या. समोर त्यांचीच खिडकी होती. बाहेरून ती त्यांनी कधी धड पाहिलीच नव्हती. गज काळे, काच काळी, चौकटीवर बोटभर जाड काजळी. चुलीच्या धुराड्यासारखी. काकू उठल्या, गजांतून हात घालून त्यांनी झडप ढकलली. ती करकरली आणि उघडली. ऊन थेट ओट्यावरच्या कुकरवर पडलं.

मागे हॉर्न वाजला. पांढरं धूड.

"काकू, बाजूला व्हा ना. गाडी लावतो."

"जागा रिकामी नाही."

"काय काकू, यार! पहिली गाडी येईल तिची जागा. काकांचाच नियम."

"पहिली मी आले."

"तुम्ही काय गाडी आहात?"

"चालू स्थितीत आहे. रोज भाजी आणायला जाते. आपली कुठे जाते? टोइंगमागे?"

हितेंद्र खाली उतरला. आवाजात मध घालून म्हणाला, "बघा, मी खिडकीपासून दोन फूट लांब लावीन. आईशप्पथ. त्या डबड्यातून तुम्हाला तरी काय मिळतं?"

काकूंनी त्याच्या गाडीची उंची बघितली, मग खिडकीची. "उजेड येणार नाही."

"ट्यूबलाइट आहे ना तुमच्याकडे? आत्ताही चालूच आहे. अजून एक लावा."

"आपली सूचना फेटाळण्यात आली आहे," काकू म्हणाल्या आणि खुर्ची खिडकीला टेकवून बसल्या.

हितेंद्रही हटला नाही. तासाभरानं फाटकातून दुसरा हॉर्न. नव्या टायरवर काका, हितेंद्रच्या मागे अडकलेले. काच खाली. "हित्या, गाडी हटव! सरोजिनी, ऊठ!"

"मागे तुम्ही आहात, हटवू कुठे? उडवू?" हितेंद्र ओरडला. मग काकूंकडे वळून, "काकू, उठा हो! काका आले!"

"ऊठ म्हणतोय ना!"

"उठा ना!"

दोघं पहिल्यांदाच एका सुरात ओरडत होते. गॅलऱ्या भरल्या.

काकूंचा आवाज बर्फ झाला. "ही जागा आजपासून बंद आहे. दोघांनाही."

"अगं, नवा टायर घातलाय मी!"

"मग चालवा. टायर त्यासाठीच असतो."

"लावू कुठे?"

"ते हितेंद्रला विचारा. त्याला रस्त्यावर लावायची सवय आहे."

काका काहीतरी बोलले, पण गल्लीच्या आतून बाहेर पडणारा टेम्पो त्यांच्या गाडीपाशी अडला होता आणि त्याचा ड्रायव्हर कोणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. "ओ आजोबा! घ्या मागे! बापाचा रस्ता हाय काय?" काकांनी मान वळवून गाडी मागे घेतली, या वेळी हातभर नाही, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. त्यांच्यामागोमाग हितेंद्र, शिव्या देत.

काकू आत गेल्या. कुकर पुन्हा गॅसवर ठेवला, ट्यूबलाइट बंद केली आणि उघड्या खिडकीतून ओरडल्या,

"जेवायला चालत या!"