मायच्या दोन वाकळा आणि एक तारांकित प्रश्न

सर सभागृहात बोलायला उभे राहिले की मी परभणीच्या ऑफिसात मोबाईल समोर ठेवून अवघडून बसायची. वेळ संपल्याची घंटा कधी वाजेल याचा नेम नसायचा. विधान परिषदेत चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्येवर वाटला जातो. ज्याचे आमदार जास्त, त्याला वेळ जास्त. सर अपक्ष. त्यांच्यामागे ना पक्ष, ना गटनेता. सगळ्यांचं बोलून झालं, निम्मी बाकं चहाला गेली, की सभापतींच्या जागी बसलेले तालिका सभापती त्यांचं नाव घ्यायचे आणि वर सांगायचे, थोडक्यात बोला. सर चष्मा नीट करून कागद उचलायचे. दुसरा मुद्दा सुरू होतो न होतो तोच घंटा.

सर मूळचे हायस्कूलचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर शिक्षक मतदारसंघातून उभे राहिले आणि शिक्षकांनीच वर्गणी काढून त्यांना निवडून आणलं. परभणीत सायकलच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं संपर्क कार्यालय आहे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. राज्यशास्त्राच्या मॅडमनी माझं अक्षर पाहून मला तिथं पाठवलं. अधिवेशन जवळ आलं की दुपारी लेक्चर संपल्यावर मी तिथं प्रश्न लिहायला बसते. आधी मला वाटायचं, आमदाराकडं काम म्हणजे मोठ्या माणसांची ये-जा असेल. तिथं येतात ती पगार अडकलेली शिक्षक मंडळी आणि कधीकधी खालचा सायकलवाला, पाणी प्यायला.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो, लिहायची एक ठरलेली रीत आहे. जे सांगायचं ते सरळ सांगता येत नाही, विचारावं लागतं. अमुक गावात अमुक इमारत बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? आणि शेवटी नेहमीचं, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं. कुलूप डोळ्यांसमोर दिसतंय आणि आपण मुंबईला विचारायचं की कुलूप आहे का. पण सरांचा एक नियम होता. स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय प्रश्नात एक शब्द घालायचा नाही. ते म्हणायचे, पक्षवाल्यांचं चुकलं तर सांभाळायला पक्ष असतो, आपलं चुकलं तर आपण संपलो.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत आहे. त्या वर्षी माझी धाकटी बहीण दहावी झाली. तिला सायन्स घ्यायचं होतं. सायन्स तालुक्याच्या गावी. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत संध्याकाळ होते आणि त्यानंतर आमच्याकडं यायला जीपही मिळत नाही. तिथं मुलींचं सरकारी वसतिगृह बांधून तयार होतं, रंगसुद्धा दिलेला. फक्त ते कधी उघडलंच नव्हतं. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, साधं ठरवलं होतं. वसतिगृह उघडलं तर सायन्स. नाही तर फाट्यावरच्या कॉलेजात आर्ट्स, सकाळी जा, दुपारी परत ये. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. रोज संध्याकाळी पोरगी अंधारात फाट्यावर उभी राहणार, हे त्यांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ही गोष्ट सरांना सांगायला मला बरेच दिवस लागले. घरचं काम घेऊन आली असं त्यांना वाटेल, ही भीती. शेवटी एकदा चहा देताना सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला.

"घरचं आहे म्हणून ते खोटं होतं का, बेटा? जा, बघून ये. मग लिही."

मी गेले. फाटकाला कुलूप. बाजूच्या तारेतल्या फटीतून आत शिरून खिडकीतून पाहिलं तर लोखंडी पलंग ओळीनं उभे, वर प्लास्टिक तसंच. गाद्या नव्हत्या. वरच्या टाकीला नळाची जोडणी नव्हती. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं की गृहपाल नेमलेला नाही, स्वयंपाकाचंही कुणी नाही. मी एवढंच लिहिलं. सरांनी दोन शब्द खोडले, सही केली आणि प्रश्न मुंबईला गेला.

प्रश्न मान्य झाल्याचं कळलं तेव्हा मला लगेच घरी फोन करावासा वाटला, पण केला नाही. अजून काय झालंय, असं मीच स्वतःला समजावलं. प्रश्न मान्य झाला की तो खात्याकडं जातो, खातं जिल्ह्याला विचारतं, जिल्हा तालुक्याला विचारतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तालुक्याला विचारल्यावर तालुका काय करतो, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

एका दुपारी बहिणीचाच फोन आला. तिला धाप लागली होती.

"आक्का, उघडलं. होस्टेल उघडलं. आमी तिथंच हावोत."

सकाळीच गावात निरोप आला होता की वसतिगृह सुरू होतंय, दहावी झालेल्या पोरी घेऊन या. आजूबाजूच्या दोन-तीन गावांतून जीप भरून पोरी आणि त्यांच्या आया गेल्या. साहेब लोक आलेले होते. फरशीवर धूळ होती, तर बायांनीच झाडून घेतलं, कुणी नारळ आणला. गाद्या आल्या नव्हत्या. साहेब म्हणाले, फोटोपुरतं पलंगावर काहीतरी टाका. मायनं सोबत दोन वाकळा नेल्या होत्या, पोरीला लागतील म्हणून. जुन्या लुगड्यांच्या, तिनं स्वतः शिवलेल्या. त्या तिनं खिडकीजवळच्या पलंगावर अंथरल्या. बहिणीला त्यावर बसवून हातात पुस्तक दिलं आणि फोटो काढला. मागं माय उभी. तो फोटो मी नंतर पाहिला. माय त्यात इतकी हसलीय की तिच्या लग्नाच्या फोटोतही तेवढी हसलेली नाही.

मी तसाच सरांना मुंबईला फोन लावला. प्रश्न सभागृहात जायच्या आधीच काम झालं, असं काहीतरी मी एका दमात बोलून गेले. सरांनी एवढंच विचारलं.

"पोरी मुक्कामाला राहणार आहेत का आज?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं की जीपनं सगळ्यांना परत आणून सोडलं होतं. सामान येऊ द्या, मग बोलावतो, असं सांगून साहेबांनी फाटक लावून घेतलं. मी मायला विचारलं की वाकळा कुठं आहेत. ती म्हणाली, तिथंच ठेवल्यात.

"का ठेवल्यास?"

"जागा धरली की. खिडकीजवळचा पलंग हाय. उद्या गर्दी झाली मंजी?"

एसटी लागली की आमच्याकडं आधी खिडकीतून रुमाल टाकतात, कुणी पिशवी टाकतं, एखादी बाई चप्पलसुद्धा. जिचा रुमाल तिची सीट, त्यावर कुणी भांडत नाही. मायनं तेच केलं होतं. सरकारी वसतिगृहात तिनं लेकीसाठी वाकळ टाकून जागा धरली होती. तिला नावं ठेवायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी तिथं असते तर मीच ती वाकळ नीट अंथरून दिली असती.

प्रश्न ज्या दिवशी यादीत होता त्या दिवशी बहीण परभणीला आली. आमचा प्रश्न यादीतल्या वरच्या काही प्रश्नांतला होता, तोंडी उत्तराला येईल असा. सरांचे स्वीय सहायक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी लॅपटॉपवर कामकाज लावून दिलं. तोंडी उत्तराला प्रश्न आला की उपप्रश्न विचारता येतात. सरांनी एकच उपप्रश्न तयार ठेवला होता, मला फोनवर वाचूनही दाखवला होता. काल तिथं स्वयंपाक कुणी केला, एवढं मंत्रिमहोदय सांगतील काय?

पहिला प्रश्न झाला. दुसरा सुरू झाला आणि कुठल्यातरी वेगळ्याच विषयावर एका बाजूचे सदस्य उठून पुढच्या मोकळ्या जागेत गेले. दुसऱ्या बाजूचेही उठले. घोषणा सुरू झाल्या. सर आपल्या जागेवर उभे होते. आमचा प्रश्न राखून ठेवा, असं ते म्हणत असावेत, कारण हात वर होता आणि ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. पक्षाच्या माणसाचा प्रश्न असता तर त्याचा गटनेता उठला असता, चार जण मागून ओरडले असते. सर एकटेच हात वर करून उभे राहिले आणि सभागृह तहकूब झालं. पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब झालं. प्रश्नोत्तराचा तास संपला. मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर धरावा ते कळत नव्हतं, म्हणून जास्तच.

विचारायचे राहिलेले प्रश्न उत्तरासह पटलावर ठेवले जातात, म्हणजे ते विचारले आणि उत्तरं दिली असं धरलं जातं. दुपारी काकांच्या मोबाईलवर उत्तर आलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही, मोबाईल माझ्याकडं दिला. वसतिगृह बंद आहे, हे खरे नाही. वसतिगृह कार्यान्वित असून विद्यार्थिनींची निवासव्यवस्था करण्यात आली आहे. पुढच्या सगळ्या भागांना एकच उत्तर होतं, प्रश्न उद्भवत नाही.

बहिणीनं ते दोनदा वाचलं.

"मंजी मी तिथं राहायलेय का?" तिनं विचारलं.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी तिला चहा विचारला.

सरांनी सोडून दिलं नाही. त्यांनी त्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची सूचना दिली. ती अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी लागली. लॅपटॉपवर रिकामी बाकंच जास्त दिसत होती. मंत्र्यांनी अहवाल वाचला, सोबत छायाचित्र जोडलेलं आहे असं सांगितलं. सर उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सौम्य, वर्गात बोलल्यासारखा.

"सभापती महोदय, त्या छायाचित्रात पलंगावर बसलेली मुलगी स्वतःच्या घरी राहते. मी आज सकाळीच तिच्याशी बोललो आहे."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. निदान कुणीतरी मान वर करील. सर पुढं टाकीबद्दल बोलायला लागले आणि घंटा वाजली. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी दिलेली माहिती तपासून घेतली जाईल. पुढचा विषय पुकारला गेला.

मला त्या क्षणी सरांचाही राग आला. इतकं सौम्य कशाला बोलायचं? ओरडणारे दिवसभर टीव्हीवर दिसतात, यांचं एक वाक्य कुठं छापून आलं नाही. नंतर भेटल्यावर मी अडखळत का होईना, हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ओरडलेलं कामकाजात नोंदलं जात नाही, बोललेलं नोंदलं जातं. मला ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. नोंदलेलं कोण वाचतं?

माहिती तपासली जाईपर्यंत अकरावीचे प्रवेश संपले. दादांनी शेवटच्या दिवशीपर्यंत वाट पाहिली, हे मला सांगायलाच हवं. दुपारपर्यंत ते तालुक्याच्या कॉलेजाबाहेर बसून होते. मग फाट्यावर येऊन त्यांनी आर्ट्सला नाव घातलं. बहिणीनं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक शेजारच्या पोरीला देऊन टाकलं.

थंडी पडायला लागली तशी मायला वाकळांची आठवण झाली. आम्ही तिघी गेलो. कुलूप तसंच. किल्ली तालुक्याच्या ऑफिसातल्या ज्या कारकुनाकडं होती तो भला माणूस होता, त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. पण तो म्हणाला, वसतिगृह कागदावर सुरू आहे, आतलं सामान राहणाऱ्या मुलींचं धरलं जातं, ते गृहपालाच्या सहीशिवाय बाहेर काढता येत नाही. गृहपाल कोण, तर अजून नेमणूक व्हायची होती.

मायनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पदर सावरत उठली.

"बघा सायेब. राहणारी पोरगी घरी, अन् माझ्या वाकळा सरकारी होस्टेलात. लय नशिबाच्या निघाल्या."

कारकून हसला आणि लगेच समोरची फाईल उघडून बसला.

परत येताना आम्ही पुन्हा वसतिगृहापाशी थांबलो. बाजूच्या तारेतली फट तशीच होती, तिच्यातून आत गेलो. खिडकीतून दोन्ही वाकळा दिसत होत्या, मायनं अंथरल्या तशाच, उशाशी घडी घातलेली. वर धुळीचा थर. एका गजाजवळची काच फुटलेली होती. काठी घालून वाकळ ओढता आली असती, मायनं काठी शोधलीही. बहीण म्हणाली, "राहू दे गं माय. जागा धरलेली हाय."

ती चेष्टा होती की आणखी काही, मला विचारवलं नाही. माय काठी टाकून देऊन तिच्या मागं चालायला लागली.

आता हिवाळी अधिवेशनाचे प्रश्न पाठवायचे आहेत. सर म्हणाले, पुन्हा लिही, या वेळी तू आत जे पाहिलंस तेवढंच. मी लिहिलं आहे. वसतिगृह कार्यान्वित असल्याचे उत्तर देण्यात आले, हे खरे आहे काय? तेथील एका पलंगावर दोन वाकळा असून अन्य कोणत्याही पलंगावर अंथरूण नाही, हे खरे आहे काय? काका म्हणाले, वाकळ हा शब्द विधिमंडळ सचिवालय ठेवणार नाही. सरांनी तो खोडला नाही. शेवटचा भाग मी अजून लिहिलेला नाही. विलंबाची कारणे काय आहेत, हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं आहे की हात आपोआप तिकडं जातो. पण बहिणीचं अकरावीचं वर्ष आता परत येणार नाही. त्याला विलंब म्हणतात का, हे मला कुणाला विचारावं कळत नाही.