नवऱ्याने क्लच काढला तेव्हा

माझ्या नवऱ्याने एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता जाहीर केलं, की तो ट्रकचा गिअरबॉक्स काढून टाकणार आहे आणि त्या जागी ऑटोमॅटिक बसवणार आहे, तेही ओव्हरड्राइव्हवालं. मी लिंबू पिळत होते, माझा हात तिथेच थांबला. हा माणूस ऑटोमॅटिक गाड्यांना पाळणा म्हणायचा. कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलच्या रस्त्यांवर मी माझी छोटी गाडी चालवत असले की शेजारी बसून म्हणायचा, "तू ड्राइव्ह करत नाहीस, तू नुसती बसतेस." आणि आता तोच आपला लाडका क्लच काढायला निघाला होता. मला तिथल्या तिथे शंका आली.

ट्रक साठच्या दशकातला होता, फिकट हिरवा, मागे सामान टाकायला उघडा हौदा असलेला. आम्ही घर घेतल्यावर लगेच त्याने तो कुठल्याशा शेतावरून आणला होता. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, गिअर तीन, आणि क्लच दाबायला डावा पाय भक्कम हवा. नवरा सांगलीला वडिलांच्या जीपवर गाडी शिकलेला. क्लच हळूच सोडून ट्रक जागेवरून उचलताना त्याच्या चेहऱ्यावर जे सुख दिसायचं, ते माझ्या हातच्या पुरणपोळीनेही कधी दिसलं नाही. या ट्रकला हात लावायची मला परवानगी नव्हती आणि हौसही नव्हती.

मला का धास्ती वाटली ते सांगायला हवं. डॉटकॉमचा फुगा फुटून कितीकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि आमच्या ओळखीत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी निरोपाचं जेवण असायचं. कुणी टेक्सासला निघालेलं, कुणी ॲरिझोनाला, कुणी सरळ पुण्याला परत. मी कितीतरी वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढली होती. आता कुठे मला कामाचं परमिट मिळालं होतं आणि कोपऱ्यावरच्या बालवाडीत नोकरी लागली होती. तिथली पोरं मला मिठ्या मारायची, माझ्या डब्यातली चकली मागून खायची. मला त्या गावातून हलायचं नव्हतं, आणि नवरा मला न विचारता काही ठरवतोय का, एवढं एकच मला जाणून घ्यायचं होतं.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, ते मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते अमेरिकन, रिटायर होण्यापूर्वी विमा विकायचे, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये जॅक, स्टँड, पाने, सगळा संसार मांडलेला होता. ती हत्यारं आणून नवरा आणि ते मिळून हे काम आमच्या गॅरेजमध्ये करणार होते. "हा सगळ्यात वरचा गिअर," आजोबा म्हणाले. "हायवेला ट्रक एका वेगात आला की हा गिअर पडतो. मग इंजिन कमी फिरतं, आवाज कमी होतो, पेट्रोल वाचतं. तासन्‌तास चालवलं तरी माणूस थकत नाही."

"तासन्‌तास कुठे जायचंय?" मी विचारलं.

"ते तुझ्या नवऱ्याला विचार," ते हसून म्हणाले.

ट्रक जायचा कुठे? हार्डवेअरच्या दुकानात, नर्सरीत माती आणायला आणि कचरा टाकायला. ऑफिस तर इतकं जवळ की वरच्या गिअरची वेळच येणार नाही. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. आधी गाडीचे टायर बदलले, मग मला सांगितलं की डॅलसची ऑफर ॲक्सेप्ट केलीय." ती डॅलसहूनच बोलत होती. त्या फोनने माझी झोप उडाली.

मी नवऱ्यावर पाळत ठेवायला लागले. मला तो म्हणाला होता, पेट्रोल वाचेल. आजोबांना सांगितलं, आवाजाने कान किटतात. एका निरोपाच्या जेवणात मित्राने छेडलं तेव्हा म्हणाला, "क्लासिक ट्रकमध्ये आता सगळे हेच करतात, यार." एका गोष्टीला माणूस इतकी कारणं देतो, तेव्हा खरं कारण त्यात नसतं, हे मला बालवाडीतल्या पोरांनी शिकवलं होतं. शिवाय त्याने संध्याकाळचं चालणं बंद केलं होतं. शनिवारी देवळात किंवा किराणा आणायला जायचं तर गाडीची किल्ली माझ्याकडे टाकायचा. माझ्या प्रत्येक ब्रेकला उसासा टाकणारा हा माणूस आता खिडकीबाहेर बघत गप्प बसायचा, आणि ते मला त्या उसाशांपेक्षा जास्त खुपायचं.

एकदा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो टपालाच्या पेटीकडून येत होता. त्याची डावी चप्पल मध्येच निसटून ड्राइव्हवेवर राहिली आणि तो तसाच चालत दारापर्यंत आला. दाराशी आल्यावर त्याने खाली पाहिलं, इकडेतिकडे कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि परत जाऊन चप्पल घालून आला. मला वाटलं, याचं डोकं इथे नाहीच, हा मनाने कधीच टेक्सासला पोचलाय. मी तरातरा जाऊन कुकर लावला.

सरळ विचारलं नाही असं नाही. "आपण कुठे जाणार आहोत का?" मी भांडी पुसता पुसता म्हटलं.

"कुठे?"

"ते तू सांग."

"हे बघ, या नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर आहे ना, तो जुन्यापेक्षा..." आणि तो घसरला लेक्चरवर. पहिला गिअर, दुसरा गिअर, तेलाचं प्रेशर, काय काय. मला गिअरबॉक्सची माहिती सगळी मिळाली, पण मूळ मुद्द्यावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

काम सुरू झालं तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. ट्रक स्टँडवर चढवल्याबरोबर त्याने सगळ्यात आधी क्लचचं पेडल काढलं. आजोबासुद्धा म्हणाले, "अरे, ते शेवटी काढलं तरी चालतं, आधी खालून सुरू कर." याने ऐकलं नाही. पेडल काढून झाल्यावर तो ते हातात घेऊन गॅरेजमधल्या बादलीवर बसून राहिला. मी चहा घेऊन उभी होते, तर त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेडल फळीवर ठेवून दिलं. आवडती वस्तू काढताना माणूस हळवा होतो हे मी समजू शकते, पण मग काढायची कशाला, हे कुणी मला समजावून सांगत नव्हतं.

नवा गिअरबॉक्स भंगाराच्या वाड्यातून आला, एका मोडक्या व्हॅनचा. दोघांनी मिळून तो ट्रकखाली जॅकवर चढवला आणि कितीतरी शिव्या घातल्या, एकाने इंग्रजीत, दुसऱ्याने अस्सल सांगलीच्या. मग गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांब निघाला, तो वर्कशॉपमधून कापून आणावा लागला. आजोबांचा जीव एका केबलमध्ये अडकला होता. ती कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि ती नीट ताणली नाही तर गिअरबॉक्स आतून जळून जातो, म्हणे. ते पुन्हा पुन्हा ती तपासायचे. नवऱ्यालाही तेच बजावायचे: "बाहेरून काही कळत नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो." नवरा मान डोलवायचा. असलं बोलणं चाललं की तो लगेच दुसरा पाना शोधायला उठायचा.

आमच्या घरात बूट पुढच्या दाराशी संपतात. पण गॅरेजचं दार उघडतं थेट स्वयंपाकघरात, आणि नवऱ्याला घटकाघटकाला चहा लागायचा, बिनसाखरेचा. म्हणून तो गॅरेजमध्ये रबरी चपला घालूनच काम करायचा, दाराशी झटकून आत यायचा, चहा घेऊन पुन्हा चपलांत पाय सरकवायचा. आजोबा पुढे पोलाद बसवलेले जाड बूट घालून येत आणि याच्या चपला बघून कपाळाला हात लावत. "बूट घाल! पायावर काही पडलं तर?" ते ओरडायचे. "बूट घालून स्वयंपाकघरात कसं यायचं?" असं तो मला मराठीत म्हणायचा. त्यांना नुसता "येस, येस" म्हणायचा. मीही त्याच्याच बाजूची होते. माझ्या पुसलेल्या फरशीवर ग्रीसचे बूट मी खपवून घेतले नसते.

शेवटी एका शनिवारी दुपारी ट्रक खाली उतरला. दोघे हायवेवर जाऊन आले आणि गल्लीत शिरल्यापासून हॉर्न वाजवत आले. आजोबांनी खिडकीतून मला अंगठा दाखवला. नवऱ्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. गॅरेजमध्ये पडलेली हत्यारं पटापट उचलून ठेवून तो दाराशी आला. "अगं, वरचा गिअर पडला ना, तर इंजिन असं गप्प झालं! आता मी कितीही लांब जाऊ शकतो." मला वाटलं, झालं, आता सांगणार. मी हात पुसले आणि ऐकायला सज्ज झाले.

त्याने चपला झटकल्या. उजवी निघाली. डावी निघेना. त्याने पाय पुन्हा झटकला, पुन्हा झटकला, आणि हसून म्हणाला, "ग्रीसने चिकटली वाटतं." मी वाकून चप्पल ओढली तर त्याचा पाय चपलेबरोबरच आला. मी जोर लावला. चप्पल हातात आली आणि तिच्या तळातून आरपार घुसलेला पत्र्यात बसवायचा स्क्रू मला दिसला. मग फरशीवर रक्त दिसलं. मी किंचाळले. तो मात्र शांतपणे पाय वळवून तळव्याकडे बघत होता, जसं ते दुसऱ्याच कुणाचं काही असावं.

"अरे, कधी लागलं हे?" तो म्हणाला.

मला एका क्षणात सगळं कळलं. ड्राइव्हवेवरची चप्पल, चालणं बंद, माझ्याकडे टाकलेली किल्ली. मी त्याच्या तळव्याला चिमटा काढला, चांगला जोरात. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, चिमटा संपला की काय याचा अंदाज घेत. मी सगळं लक्ष ओव्हरड्राइव्हवर ठेवलं होतं आणि हा माणूस ऑटोमॅटिकसाठी धडपडत होता.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बरेच," तो म्हणाला. मग एकेक बाहेर आलं. शाळेजवळच्या सिग्नलला त्याचा पाय क्लचवरून घसरला होता आणि ट्रकने पुढे उडी मारली होती. रस्ता ओलांडणारी एक बाई बाबागाडी घेऊन जागीच थिजली होती. पाय घसरलेला त्याला कळलंच नव्हतं. शुगर कंट्रोलमध्ये आहे, असं तो मला सांगत होता, तेही खोटं होतं. डॉक्टरकडे जायच्या ऐवजी त्याने क्लच काढून टाकला. पाय बदलता येत नाही म्हणून गिअरबॉक्स बदलला. आणि ओव्हरड्राइव्ह होतं ते केवळ भंगारात मिळालेल्या त्या गिअरबॉक्सला आपसूक आलेलं म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला होता एवढं मला ठाऊक होतं. पण त्यानंतर ती जीप अंगणात ताडपत्रीखाली गंजून गेली, आणि आई रोज तिच्यावरची पानं झाडायची, हे त्याने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मला त्याचा इतका राग आला की मी तोंडाला येईल ते बोलले. बोलत होते आणि त्याच्या पायाला फडकं बांधत होते. त्या दिवशी त्याने टेक्सासचं नाव काढलं असतं तर मी हसत सामान बांधलं असतं.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "कळलं की सांगा." धागा टाचेपासून बोटांपर्यंत फिरून आला आणि तो डोळे मिटून अजून सुरुवातीची वाट बघत होता. उजव्या पायालाही सुरुवात झाली होती, म्हणून ते सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. औषधं आली, पथ्य आलं, आणि रोज तळवे तपासायचे असं ठरलं. स्वतःचा तळवा त्याला धड दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी त्याचा पाय मांडीवर घेतला तर त्याने तो ओढून घेतला. बायकोच्या मांडीवर पाय ठेवायची त्याला लाज वाटली. लग्नात मी कुणाकुणाच्या पाया पडले होते, पण याच्या पायाशी बसायची वेळ अशी येईल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी ट्रक मी चालवायची. तो शेजारी बसून गिअर कधी पडला ते सांगायचा आणि पूर्वीसारखे उसासे टाकायचा. जखम भरत आली. पाय सुधारतोय, असं तो सगळ्यांना फोनवर सांगायला लागला. आता झिणझिण्या येतात, म्हणजे जाग येतेय, म्हणायचा. मला फार हवं होतं की ते खरं असावं.

एका संध्याकाळी तळवे बघून झाल्यावर मी फुलझाडूची एक काडी मोडून घेतली. "डोळे मीट," म्हटलं. त्याने मिटले, अगदी घट्ट, परीक्षेला बसल्यासारखे. मी टाचेला काडी टेकवली. "कळलं," तो म्हणाला. चवड्याला टेकवली. "कळलं." त्याचा आवाज आनंदी होता. मग मी काडी बाजूला धरून थांबले.

"आता?"

"कळलं," तो लगेच म्हणाला.

मी काडी टेकवलीच नव्हती.